‘च’च्या खणातला ‘र’

४ सप्टेंबर

साठ पोरांच्या गळ्यातून एकदम निघालेला ‘राखतो’. एवढा एक आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. छापखान्याची खिडकी आणि शाळेची खिडकी यांच्यामध्ये एक बोळ होता, सायकल आडवी धरली तर अडेल एवढाच. मी अठरा वर्षांचा, अक्षरांचे खिळे जुळवणारा, बोटं शिशाने काळी. पलीकडे चौथीचा वर्ग ताल धरून म्हणायचा:

ऊन येता पान देतो, गार येता झाकतो
देव माळी आपल्यांना एकएका राखतो

शेवटच्या शब्दाला सगळी मुलं बाकांवर हात आपटायची आणि इकडे माझ्या खणांतले खिळे थरथरायचे. त्या खिळ्यांची थरथर अजून बोटांच्या टोकांना आठवते.

आज डॉक्टरांच्या खोलीत बसलो असताना तोच आवाज सुरू झाला, त्यामुळे डॉक्टर काय म्हणाले त्यातलं निम्मं निसटलं. लेकीने परतताना गाडीत पुन्हा सांगितलं. हिच्या आतड्यात गाठ आहे, लिंबाएवढी. अजून पसरलेली नाही. पंचवीस तारखेला काढून टाकली तर ही आणखी पंधरा वर्षं मला बोलणी ऐकवेल, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. उशीर केला तर आतडं बंद होईल आणि मग कुणाच्या हातात काही राहणार नाही. त्यांनी कागदावर लिहून दिलं: पंचवीस, सकाळी आठ, उपाशीपोटी.

हिने पर्सची चेन लावली आणि म्हणाली, “मी येणार नाही.”

“का हो आजी?”

“मला देव राखतो.”

डॉक्टर हसले. म्हातारी घाबरली, असं त्यांना वाटलं असावं. ही घाबरल्यावर कशी होते ते मला माहीत आहे, लेकीच्या बाळंतपणात एकदाच पाहिलं आहे. आवाज एकदम लहान मुलीसारखा होतो. आज तसा झाला नाही.

५ सप्टेंबर

झोप छान लागली. याची लाज वाटते.

७ सप्टेंबर

लेक रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. तिथून थेट आली, हाताला स्पिरिटचा वास तसाच. ही मशीनवर उशीचे अभ्रे शिवत होती.

“आई, तू अडाणी आहेस का गं?”

“नाही. चौथी पास आहे. पाचवीला भिंत आडवी आली.”

“झालं, निघाली भिंत!”

निघणारच होती. ती भिंत या घरात माझ्यापेक्षा जास्त वेळा उभी राहिली आणि पडली आहे. पण आज पहिल्यांदा मी ती लक्ष देऊन ऐकली, म्हणून उतरवून ठेवतो.

चौथीचं वर्ष संपत आलं होतं. दुपार, स्वच्छ ऊन. वर्ग ‘माळी’ ही कविता म्हणत होता. हिच्या बाकावर हिच्याशेजारी मास्तरांची मुलगी बसायची. काडीसारखी होती म्हणून सगळे तिला पेन्सिल म्हणायचे. कविता तिच्याच वडिलांची. सगळा वर्ग ‘राखतो’ म्हणायचा आणि ही एकटी पेन्सिल ‘चाखतो’ म्हणायची, रोज, मोठ्याने, मुद्दाम. त्या दिवशीही म्हणाली. वर्ग हसला. त्या हसण्यावरच उजवीकडची भिंत आली.

ही बाकाखाली दोन तास होती. तोंडात चुना गेलेला, तरी ‘राखतो, राखतो’ म्हणत राहिली. एका हातात पेन्सिलचा हात होता. तो मध्येच ढिला पडला. माणसांनी पेन्सिलला फळीवर घालून नेलं. दुसऱ्या दिवशी हेडमास्तर वर्गाला म्हणाले, “ती गेली. आता तिची वाट बघू नका.” त्यानंतर मास्तरही त्या गावात कुणाला दिसले नाहीत.

“ती ‘चाखतो’ म्हणायची, तिला चाखलं,” ही म्हणाली. “मी ‘राखतो’ म्हणायची, मला राखलं. यात न कळण्यासारखं काय आहे?”

“आणि त्या कोपऱ्यातल्या मुलाचा पाय गेला तो? तोही ‘राखतो’च म्हणायचा ना?”

“तो कधी पाठ करूनच यायचा नाही.”

लेकीने दोन्ही हात डोक्याला लावले. हिने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, “आणि कापण्याचं मला सांगू नका. मी पन्नास वर्षं कापड कापतेय. कापलेलं परत अख्खं झालेलं मी तरी पाहिलं नाही.”

पलंगाच्या वर भिंतीला ‘माळी’चं पान टांगलेलं आहे, तिच्याच पुस्तकातलं, काचेखाली. चुन्याचा डाग अजून पांढरा आहे. ही सकाळ-संध्याकाळ त्याला हात जोडते. दुसरा देव आमच्या घरात नाही.

८ सप्टेंबर

वहीपासून लपवून काय करायचं! पेन्सिल बरोबर होती. मास्तरांच्या हस्ताक्षरात ‘चाखतो’च होतं.

देव माळी आपल्यांना एकएका चाखतो. झाकतो, जपतो, आणि पिकलं की एकेक तोडून तोंडात टाकतो. किती भयंकर ओळ! आणि किती सुंदर! मास्तरांना खोकला होता, बायको आधीच गेलेली. अशा माणसालाच अशी ओळ सुचते. ते पान मी जुळवलं. एका अक्षराचा फरक, एक खिळा. ‘च’च्या जागी ‘र’ बसला. काना, ‘ख’, ‘तो’, सगळं जिथल्या तिथे.

पुस्तकं शाळेत आली त्या दिवशी मास्तर छापखान्यात आले होते. पान उघडून माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, “‘च’ संपले होते का रे?” मी खाली बघितलं. ते थोडं हसले, खोकले आणि गेले. पुस्तक तालुकाभर वाटून झालं होतं.

पुढे दहा वर्षांनी मी हिला बघायला गेलो, तेव्हा पाण्याचा पेला देताना हिने एकच प्रश्न विचारला होता: “‘माळी’चं पान तुम्ही जुळवलंत?” मी हो म्हणालो. हिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आजवर कुणीच पाहिलं नव्हतं. त्या नजरेवर मी एक्कावन्न... नाही, त्रेपन्न वर्षं जगलो आहे.

११ सप्टेंबर

हिने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. पोट फुगल्यासारखं वाटतं म्हणाली.

लेकीने मला गॅलरीत नेलं, दार लोटून घेतलं. “बाबा, माझं ती ऐकणार नाही. तुमचं ऐकेल.”

“माझं कधी ऐकलंय तिने?”

“त्या कवितेबद्दल ऐकते. तुम्ही त्या छापखान्यातले ना? काहीतरी सांगा. कवितेचा अर्थ वेगळा होता म्हणा. काहीही म्हणा!”

लेकीला काही माहीत नाही, तरी बरोबर तिथेच बोट ठेवलं. मी म्हणालो, “बघतो.” खाली वाळत घातलेले कपडे हलत होते. किती वेळ बघत राहिलो कोण जाणे. ती कधी आत गेली कळलंही नाही.

१२ सप्टेंबर

आज सांगणार होतो. दुपारी हिला जरा बरं वाटलं आणि तिने स्वतःहून ‘माळी’ म्हटली, चालीवर, पलंगाच्या काठावर ताल धरून. बहात्तराव्या वर्षी आवाजाला काय गोडी आहे! सांगितलं नाही.

१४ सप्टेंबर

सांगितलं.

सकाळी चहा देताना सांगितलं, बसून, तिच्या डोळ्यांत बघून. “अगं, ते ‘राखतो’ चुकीचं छापलंय. मूळ ‘चाखतो’ आहे. ‘च’च्या खणात चुकून ‘र’ पडला होता. मी न बघता उचलला. पेन्सिलचं बरोबर होतं.”

हिने कप आणि बशी पुढ्यात ओढली. मला वाटलं, आता रडेल. मग बशीत चहा ओतत म्हणाली, “लेकीने शिकवलं ना हे?”

“नाही गं. शपथ.”

“बरं. खरं आहे असं धरू.” एक घोट घेतला. “मग मला सांगा, तो ‘र’ ‘च’च्या खणात टाकला कुणी?”

“म्हणजे?”

“म्हणजे कुणी टाकला? तुम्ही मुद्दाम टाकलात?”

“नाही.”

“मास्तरांनी टाकला? मालकाने टाकला? मग राहिलं कोण?” आणि इतकी प्रसन्न हसली! “अहो, माणसाने चाखतो लिहिलं आणि देवाने स्वतः येऊन दुरुस्त केलं. एवढी वर्षं सांगितलं का नाहीत? मी काचेला फूल तरी वाहिलं असतं.”

संध्याकाळी शेजारच्या मास्तरीणबाईंना बोलावून तिने ही गोष्ट सांगितली. त्यांच्या अंगावर काटा आला. माझ्याही आला, पण कारण वेगळं.

१५ सप्टेंबर

तो ‘र’ चुकून पडला नव्हता.

म्हणजे पहिल्यांदा पडला असेलही. पण पहिलं प्रूफ निघालं तेव्हा तपासणाऱ्याने ‘र’ला गोल करून समासात ठळक ‘च’ लिहून दिला होता. मी चिमटा हातात घेतला होता. तेवढ्यात पलीकडे मुलांचा गलका ऐकू आला आणि मनात आलं, या पोरांनी रोज उठून ‘चाखतो’ म्हणायचं? ओठांवर ‘राखतो’ घोळवून बघितलं. झाकतो, राखतो. काय छान बसतं! चिमटा ठेवून दिला. प्रूफ चुलीत घातलं.

अठराव्या वर्षी मी एका कवीपेक्षा शहाणा होतो.

हे तिला सांगितलं तर देवाचा हात संपला. मग उरतो तो माझा, काळ्या बोटांचा. तिने तेवढंच तर विचारलं होतं: तुम्ही मुद्दाम टाकलात? मी नाही म्हणालो. तोंडातून आपोआप निघालं. आता बदलून काय सांगणार?

त्यापेक्षा मास्तरांचं हस्ताक्षरच तिच्यापुढे ठेवावं. मूळ वही मिळाली तर माझ्या शब्दाची गरजच नाही. त्या शाळेला लिहावं. मास्तरांचे नातेवाईक कुठे ना कुठे असतीलच.

१६ सप्टेंबर

लेक म्हणाली, “शाळेला फोन करा ना! नंबर काढून देऊ?”

मी म्हणालो, “हे फोनवर विचारायचं नाही. पत्रच हवं.”

“बाबा, पंचवीसला नऊ दिवस राहिलेत.”

“माहीत आहे.”

१९ सप्टेंबर

पत्र चार वेळा लिहिलं. सुरुवात जमत नव्हती. ‘आपल्या शाळेच्या भिंतीला लागून एक छापखाना होता’ हे कोरडं वाटलं. ‘ज्या खिडकीतून बालकंठांचा झरा’ हे जास्त झालं. शेवटी ‘आपली आणि माझी खिडकी समोरासमोर होती’ असं केलं. चांगलं उतरलं आहे. स्वच्छ प्रत उद्या करीन.

हिने आज फक्त पेज घेतली.

२१ सप्टेंबर

पत्र टाकलं. पेटीत पडल्याचा आवाजही सुरेख आला.

२५ सप्टेंबर

सकाळी साडेसहाला लेक गाडी घेऊन आली. ही आंघोळ करून, केस विंचरून, मशीनवर बसलेली. लेक समोर जमिनीवर बसली. बेचाळीस वर्षांची बाई, आईचे गुडघे धरून बसली.

“आई, माझ्यासाठी चल. देवासाठी नको, बाबांसाठी नको.”

“तुझ्यासाठीच नाही येत. उद्या तू माझ्या वयाची झालीस की तुला आठवेल, माझ्या आईला राखलं होतं.”

“आणि नाही राखलं तर?”

ही हसली. “मग माझा शब्द चुकला असेल.”

लेकीने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत मी स्पष्ट वाचलं: बोला. मी म्हणालो, “पत्राचं उत्तर एक-दोन दिवसांत येईलच.”

लेक उठली. दारात चप्पल घालताना हळूच म्हणाली, “तुमच्या दोघांचं एकमेकांवर फार प्रेम आहे, बाबा. त्यात माणूस मरेल.” तिचं बोलणं कधीकधी अगदी कवितेसारखं असतं. माझ्यावर गेली आहे.

आठ वाजले. साडेआठ. नऊला हिने चहा मागितला.

२७ सप्टेंबर

पहाटे ओकारी सुरू झाली. थांबेना. पोट दगडासारखं. लेक आली, हिला उचलून नेलं. मी मागे बसलो होतो, हिचं डोकं मांडीवर. ही पुटपुटत होती ते मला ओठांवरून कळत होतं.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. आतडं बंद होऊन फुटलं आहे. विष सगळीकडे गेलं आहे. आता भूल दिली तर त्या टेबलावरून उठणार नाहीत, म्हणाले. दोन दिवस आधी आला असतात तर.

मी विचारलं, “किती?”

“आठवडा म्हणणं जास्त होईल.”

३० सप्टेंबर

हिने हट्ट धरला म्हणून घरी आणलं. त्या पानाखालीच पडून आहे. इंजेक्शनांमुळे बहुतेक वेळ डोळे मिटलेले. दुपारी जागी झाली तेव्हा म्हणाली, “बघा, राखलंच ना मला? बाकी सगळे टेबलावर मरतात.”

मी हो म्हणालो. मान हलवताना काचेत माझाच चेहरा दिसत होता.

लेकीशी बोलणं बंद आहे. ती फक्त इंजेक्शन द्यायला येते. मला पाणी हवं का एवढंच विचारते, तेही लॅबमधल्या पेशंटला विचारावं तसं.

१ ऑक्टोबर

लेक अकराला येऊन गेली. त्यानंतर अर्ध्या तासाने दार वाजलं. शेजारच्या मास्तरीणबाई असतील म्हणून उघडलं.

उंच, काडीसारखी म्हातारी. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली. हातात काठी आणि कापडी पिशवी. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“तो छापखान्यातला ‘र’ म्हणजे तुम्हीच का?”

मी पुढे वाकून चेहरा नीट बघितला.

“ओळखणार कसं म्हणा! मी मास्तरांची. पेन्सिल. शाळेच्या बाईंकडे माझा पत्ता होता, तुमचं पत्र त्यांनी आलं त्याच दिवशी माणसाबरोबर पाठवलं. बाबांची वही आणलीय.” पिशवीवर थाप मारली. “‘च’ आहे हो तिथे. एवढा मोठा!”

“पण तुम्ही... तुम्ही तर गेला होतात.”

“गेलोच होतो ना! त्याच दिवशी बाबांनी मला मोठ्या दवाखान्यात नेलं. हा खांदा सांधला. मग मामाकडे राहिलो ते परत फिरकलोच नाही.” आणि माझ्याकडे बघून थांबली. “का? तिथे काय सांगितलं सगळ्यांना?”

ती गेली. हेडमास्तर एवढंच म्हणाले होते. कुठे गेली ते कुणी विचारलंच नाही.

“पत्र आठ दिवसांपूर्वीच हातात पडलं,” ती म्हणाली. “उलट टपाली चार ओळी टाकणार होते. मग पत्राखाली तुमच्या बायकोचं माहेरचं नाव वाचलं. म्हटलं, अरे, ही तर माझ्या बाकावरची! पत्रात काय मजा? आपणच जाऊन उभं राहू आणि दचकवू. कुठे आहे ती?”

आठ दिवसांपूर्वी म्हणजे तेवीस तारीख.

मी म्हणालो, “झोपली आहे. जरा आवरतो. पाच मिनिटं थांबता का?” आणि दार लावून घेतलं. एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडावर, जिन्यात खुर्ची नसताना. आता स्वयंपाकघरात उभा राहून ओट्यावर वही ठेवून हे लिहितो आहे. लिहिलं की मला सुचतं, म्हणून.

बाहेरच्या बाईला आत घेतलं तर पेन्सिल जिवंत आहे. ‘चाखतो’ म्हणणारी ऐंशीकडे निघाली आहे आणि ‘राखतो’ म्हणणारी पलंगावर आहे. एवढं सगळं हिला शेवटच्या चार दिवसांत कळायचं. घेतलं नाही तर निदान

बाहेर ती गुणगुणायला लागली आहे. पाय दुखत असतील, वेळ घालवत असेल. ‘माळी’च आहे. चाल तीच, अगदी तीच. साठांपैकी एक आवाज इतक्या वर्षांनी माझ्या दारात. क्षणभर सगळं विसरलो. झाकतो... आता दारावर तळहाताने ताल धरला आहे, बाकावर धरायची तसा. देव माळी आपल्यांना एकएका

‘चाखतो’ म्हणाली. मोठ्याने, मुद्दाम. आणि दारावर थाप.

आतल्या खोलीत पलंग करकरला. दोन दिवसांत हिने कूस बदललेली नाही.

“अहो,” ही हाक मारते आहे. “अहो, पेन्सिल आलीय. मला न्यायला आलीय ती. दार उघडू नका.”

आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला आहे.